देणगीदाराची अट आणि संशोधकाचे स्वातंत्र्य

धर्म आणि विज्ञान यांचे परस्परनाते हा आपल्याकडे व्याख्यानमालांचा आवडता विषय आहे. त्या नात्याच्या अभ्यासासाठी पैसा कोठून येतो, हे मात्र क्वचितच विचारले जाते. प्रशासनात आयुष्य घालविलेल्या माणसाला प्रथम तोच प्रश्न सुचतो. पैसा कोणी दिला, कोणत्या अटीवर दिला, आणि निष्कर्ष देणाऱ्याच्या मनाविरुद्ध निघाला तर पुढे काय झाले?

या बाबतीत एकोणिसाव्या शतकातील एक मृत्युपत्र आजही अभ्यासण्याजोगे आहे. स्कॉटलंडमधील न्यायाधीश लॉर्ड अॅडम गिफर्ड यांनी 1885 साली ते केले. एडिंबरो, ग्लासगो, अॅबरडीन व सेंट अँड्रूज या चार विद्यापीठांसाठी त्यांनी एकूण 80,000 पौंड ठेवले. व्याख्याता कोणत्याही पंथाचा असावा, किंवा कोणत्याच पंथाचा नसला तरी चालेल. खगोलशास्त्र वा रसायनशास्त्राप्रमाणेच ईश्वरविषयक प्रश्नाचा विचार व्हावा. साक्षात्कार आणि चमत्कार यांचा आधार घेतला जाऊ नये, असे त्यांनी लिहून ठेवले. गिफर्ड स्वतः श्रद्धावान होते. तरीही श्रद्धेची अट त्यांनी घातली नाही. 1888 पासून सुरू झालेल्या या व्याख्यानांतून विल्यम जेम्स व व्हाइटहेड यांचे गाजलेले ग्रंथ निर्माण झाले, आणि एडिंग्टन व हायझेनबर्ग यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञही त्याच व्यासपीठावर आले.

विसाव्या शतकात हे क्षेत्र गुंतवणूकतज्ज्ञ जॉन टेंपल्टन यांच्या पैशाने विस्तारले. त्यांनी 1972 साली स्थापन केलेला पुरस्कार मदर तेरेसा (1973), डॉ. राधाकृष्णन (1975) आणि आपल्या रोह्याचे पांडुरंगशास्त्री आठवले (1997) यांना मिळाला, हे मराठी वाचकांस ठाऊक असेल. पुढे फ्रीमन डायसन, जॉर्ज एलिस, चार्ल्स टाउन्स असे शास्त्रज्ञ त्याचे मानकरी ठरले. 1987 मध्ये स्थापन झालेले टेंपल्टन प्रतिष्ठान तर थेट संशोधनालाच अनुदान देऊ लागले. देणगीदाराचा कल पाहून विषय निवडले जातील, अशी टीका तेव्हापासून अनेक शास्त्रज्ञ करीत आले आहेत. ती निराधार म्हणता येत नाही.

या टीकेची कसोटी लागली ती 2006 साली. हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट बेन्सन यांनी अमेरिकेतील सहा रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रियेच्या 1,802 रुग्णांवर, दुसऱ्याने केलेल्या प्रार्थनेचा परिणाम तपासला. मुख्य खर्च प्रतिष्ठानाचा होता. आपल्यासाठी प्रार्थना होते की नाही हे ज्यांना नक्की सांगितले नव्हते, त्यांपैकी प्रार्थना झालेल्यांत 52 टक्के, तर न झालेल्यांत 51 टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. प्रार्थना होत असल्याचे निश्चित सांगितलेल्या गटात हे प्रमाण 59 टक्के निघाले. देणगीदाराला हवासा वाटावा असा हा निष्कर्ष नव्हता. तरी तो प्रसिद्ध झाला.

परंतु त्याच प्रयोगाने एक उणीवही दाखविली. ज्यांच्यासाठी प्रार्थना करावयाची नाही असे ठरले, त्यांच्या घरची माणसे प्रार्थना करीतच असणार. मग मोजले काय जात होते? प्रार्थना ही औषधाच्या मात्रेसारखी गोष्ट आहे काय? हे प्रश्न धर्माच्या तत्त्वज्ञाचे आहेत आणि ते आखणीच्या वेळीच विचारावयाचे असतात. संयुक्त संशोधनाला अनुदान देण्याचे खरे समर्थन माझ्या मते येथे आहे.

भारतात हा विषय अधिक नाजूक आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 27 नुसार, विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खर्च व्हावयाचा कर कोणावरही लादता येत नाही. अनुच्छेद 51क वैज्ञानिक दृष्टिकोन हे कर्तव्य मानतो. या मर्यादेत राहूनही काम होऊ शकते. भारतीय तत्त्वज्ञान संशोधन परिषदेने 1990 मध्ये देवीप्रसाद चट्टोपाध्याय यांच्या नेतृत्वाखाली भारतीय विज्ञान, तत्त्वज्ञान व संस्कृती यांच्या इतिहासाचा बहुखंडी प्रकल्प हाती घेतला, तो याचे उदाहरण होय. परदेशी निधीची वाट मात्र अरुंद झाली आहे. विदेशी अंशदान कायद्यातील 2020 च्या दुरुस्तीनंतर, निधी मिळालेल्या संस्थेला त्यातील वाटा दुसऱ्या संस्थेकडे वळविता येत नाही. तत्त्वज्ञ एका न्यासात आणि प्रयोगशाळा दुसऱ्यात असेल, तर संयुक्त प्रकल्पाची अडचण तेथूनच सुरू होते.

म्हणून मंजुरी-आदेशातच तीन कलमे असावीत: प्रस्तावांची निवड देणगीदाराबाहेरील तज्ज्ञांनी करावी, प्रश्न व मोजमापाची पद्धत दोन्ही शाखांनी आधी लेखी ठरवावी, आणि निष्कर्ष कसाही निघो, तो प्रसिद्ध व्हावा. वर्षअखेर येणारे उपयोगिता प्रमाणपत्र पैसा मंजूर कामावर खर्च झाला एवढेच सांगते. प्रश्न प्रामाणिकपणे विचारला गेला की नाही, याची व्यवस्था पहिला हप्ता देण्यापूर्वीच करावी लागते. गिफर्डसाहेब न्यायाधीश होते. मृत्युपत्र लिहितानाच त्यांनी ती करून ठेवली.