कॉन्फिगर, मेक आणि आपली वेलांटी

आजचा विषय तसा रुक्ष वाटेल. जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर नवं मुक्त सॉफ्टवेअर बांधायला घेतलं की ते कुठे अडतं, आणि का अडतं? पण दिल्लीत राहणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला हा इतिहास वेलांटीपासून सांगावासा वाटतो. व्हिडिओत मी पडद्यावर अक्षरं दाखवली होती, इथे ती शब्दांत सांगतो.

'कि' हे अक्षर घ्या. आपण लिहिताना वेलांटी आधी काढतो, क नंतर. युनिकोडमध्ये मात्र क आधी साठवला जातो आणि वेलांटी त्याच्या मागे. म्हणजे पडद्यावर दाखवताना कुणीतरी तिला उचलून पुढे आणून बसवायला हवं. जोडाक्षरांचंही तसंच. आणि आपल्या मराठीची खास अडचण म्हणजे 'दुसऱ्या'मधला र. 'सूर्या'तला रफार डोक्यावर चढतो, 'दुसऱ्या'तला आडवा राहतो. हिंदीवाल्यांना हा दुसरा र लागत नाही, त्यामुळे तो बिघडला तर त्यांच्या लक्षातही येत नाही. विंडोज २००० मध्ये ही अक्षरं बसवणारी यंत्रणा आली आणि सोबत मंगल हा फॉन्ट आला. तो घडवला होता मराठी सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. लिनक्सवर हेच काम करायला 'पँगो' नावाची लायब्ररी तयार होत होती. नाव मोठं गमतीचं आहे, ग्रीकमधला 'पॅन' म्हणजे सर्व आणि जपानीतला 'गो' म्हणजे भाषा.

आता दिल्लीत येऊ. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा पहिल्या शहरांत दिल्ली होती. डायल-अपचा वेग ९.६ किलोबिट. सेकंदाला फार तर बाराशे बाइट. पाच एमबीची फाइल आणायची तर लाइन एकदाही न तुटता सव्वा तास, आणि लाइन तुटायचीच. अशा वेळी मार्च १९९६ मध्ये दिल्लीच्या सायबरमीडियाच्या 'पीसीक्वेस्ट' मासिकाने अंकासोबत स्लॅकवेअर लिनक्सची सीडी वाटली. त्यामागे होते अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, वाढले बेळगावात, काम बंगळुरात. २०१३ मध्ये ते गेले. आपल्याकडच्या एका पिढीने लिनक्स पहिल्यांदा पाहिलं ते या मासिकाच्या सीडीवर. डाउनलोड करून पाहिलेले थोडेच. माझ्या मते ही गोष्ट मराठीत जेवढी सांगायला हवी तेवढी सांगितली गेलेली नाही.

पण सीडीचा एक परिणाम असा की तुमचं लिनक्स त्या सीडीच्या तारखेला गोठायचं. पुढची सीडी मिळेपर्यंत तेच. मधल्या काळात जगात काही नवं आलं तर त्याचा सोर्स कोड मिळवायचा आणि आपल्या जुन्या यंत्रावर स्वतः बांधायचा. तीन आज्ञा असायच्या. डॉट स्लॅश कॉन्फिगर, मग मेक, मग मेक इन्स्टॉल.

यातली 'मेक' १९७६ ची, बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेली. 'कॉन्फिगर'चा जन्म युनिक्सच्या भाऊबंदकीतून झाला. सन, एचपी, आयबीएम, एससीओ, प्रत्येकाचं युनिक्स थोडं वेगळं. मग लॅरी वॉल यांनी १९८४ च्या सुमारास आपल्या बातम्या वाचायच्या प्रोग्रॅमसोबत एक स्क्रिप्ट दिली. ती तुमचं यंत्र तपासायची आणि त्याप्रमाणे कोड जुळवून घ्यायची. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी अशी स्क्रिप्ट आपोआप तयार करणारं 'ऑटोकॉन्फ' लिहिलं. त्याची रीत मला फार आवडते. ते यंत्राला नाव किंवा आवृत्ती विचारत बसत नाही. चार ओळींचा एखादा प्रोग्रॅम लिहितं, तो बांधून बघतं, आणि बांधला गेला तर म्हणतं, हे फंक्शन इथे आहे. मुलीसाठी स्थळ बघताना पत्रिका बाजूला ठेवून घरी जाऊन चहा पिऊन यावं, तसं.

२००२ च्या मार्चमध्ये जीटीके २.० आणि पँगो १.० आले. त्या वेळी लोकांकडे होतं रेड हॅट ७ च्या घराण्यातलं काहीतरी, किंवा त्याच्यावर बेतलेलं पीसीक्यू लिनक्स. त्यात जीलिब जुनं. पँगोला हवं नवं. म्हणून आधी जीलिब बांधायचं, मग पँगो, मग एटीके, मग जीटीके. भिंत रंगवायला जावं आणि पाया खणावा लागावा, असा प्रकार. त्यात रेड हॅट ७.० ने कंपायलर दिला होता जीसीसी २.९६. ही आवृत्ती जीसीसीच्या मंडळींनी कधी काढलीच नव्हती. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांनी तसं जाहीरही केलं. रेड हॅटने विकास चालू असलेला कोड उचलून त्याला तो आकडा दिला होता. कर्नल बांधायला तर त्यात 'केजीसीसी' नावाचा वेगळा, जुना कंपायलर ठेवावा लागला. यात रेड हॅटची बाजूही होती, त्यांना इतर प्रोसेसरांसाठी नवा कंपायलर हवा होता. पण वापरणाऱ्याच्या पदरी गोंधळच आला.

आता मुख्य अडचण सांगतो, कारण ती आजही तशीच आहे. तुम्ही नवं जीलिब बांधता. ते निमूटपणे यूएसआर-लोकल या फोल्डरात जाऊन बसतं. मग पँगोचं कॉन्फिगर म्हणतं, जीलिब सापडलं नाही. अहो, आत्ताच तर बसवलं! होतं असं की 'पीकेजी-कॉन्फिग' नावाचा कारकून शोध घेतो तो सिस्टिमच्या स्वतःच्या फोल्डरात. लोकलमध्ये तो डोकावत नाही. त्याला पीकेजी-कॉन्फिग-पाथ या व्हेरिएबलमधून पत्ता द्यावा लागतो. ते जमलं, सगळं बांधून झालं, आणि प्रोग्रॅम चालू केला की पुन्हा तक्रार, लायब्ररी उघडता येत नाही. हा दुसरा कारकून, लोडर. त्याची पत्त्यांची वही वेगळी, एलडी-एसओ-कॉन्फ. जुन्या रेड हॅटच्या वहीत यूएसआर-लोकल-लिब हे नावच नसायचं. ते लिहायचं आणि एलडीकॉन्फिग चालवायचं. बांधतानाचा पत्ता एक, चालवतानाचा दुसरा. एवढं कळलं की निम्मी डोकेदुखी गेली.

उत्तर दिल्लीत राजपूर रोडवर सीएसडीएस ही संस्था आहे. तिथल्या 'सराय' या उपक्रमात याच वर्षांत मुक्त सॉफ्टवेअरवर काम चालत होतं. इतिहासकार रविकांत आणि इतर मंडळी तिथे हिंदी लिनक्सच्या भाषांतरासाठी बसत. कोणता शब्द हिंदी वाटतो आणि कोणता सरकारी, यावर तिथे चर्चा चाले. 'इंडलिनक्स'च्या लोकांचाही याला हातभार होता. जोशी सरांच्या हाताखाली मुंबईच्या एनसीएसटीत घडलेला 'रघु' फॉन्ट मुक्त म्हणून मिळाला, तोही याच काळात. भाषांतर कितीही चांगलं असलं तरी पडद्यावर वेलांटी चुकीच्या बाजूला आली तर मेनू वाचणार कोण? सप्टेंबर २००२ च्या अखेरीस रेड हॅट ८.० आलं. त्यात युनिकोड आधीपासूनच चालू होतं. तरी देवनागरीचे ओपनटाइप नियम पँगोत नीट बसले ते त्याच्याही नंतर. ते आयबीएमच्या आयसीयू लायब्ररीतून घेतले गेले. म्हणजे नव्या सीडीवाल्यालाही पुन्हा तेच. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर नोएडातल्या एका यंत्राची गोष्ट ऐका. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत मोठा स्कॅनर आहे. त्याचा ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीने फक्त सेंटओएस ७ साठी दिला, पुढे हात वर केले. त्यामुळे ते यंत्र अपग्रेड करता येत नाही. तिथे आम्हाला दिल्लीतल्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सवाच्या जुन्या स्मरणिका स्कॅन करून त्यांचा मजकूर काढायचा होता. कागद इतका पिवळा पडलाय की पान उलटताना कडा हातात येतात. दुसऱ्यांदा स्कॅन करायची संधी मिळेलच असं नाही. त्यामुळे मजकूर तिथल्या तिथे वाचून बघायचा, अस्पष्ट असेल तर पान लगेच पुन्हा घ्यायचं, असं ठरलं.

त्यासाठी हवं होतं टेसरॅक्ट ५. हा प्रोग्रॅम एचपीत १९८५ ते १९९४ दरम्यान घडला, २००५ मध्ये मुक्त झाला, पुढे गूगलने वाढवला. मराठीसाठी त्याची तयार फाइल मिळते. पण त्याला सी प्लस प्लस १७ समजणारा कंपायलर लागतो, आणि सेंटओएस ७ मध्ये आहे जीसीसी ४.८.५. नवा कंपायलर 'डेव्हटूलसेट' नावाने मिळायचा. मात्र ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ ची मुदत संपली आणि यम ज्या पत्त्यावर सामान शोधतं तो पत्ताच बंद झाला. सामान गेलं जुन्या वस्तूंच्या कोठीत, व्हॉल्टमध्ये. तिथले पत्ते यमच्या फायलींत हाताने लिहावे लागले.

कुणी सुचवलं, दुसरीकडे बांधलेला प्रोग्रॅम आणून टाका. टाकला. उत्तर आलं, जीलिबसी २.२८ सापडत नाही. इथे आहे २.१७, म्हणजे २०१२ च्या डिसेंबरमधली. जीलिबसीचा नियम असा की जुन्यावर बांधलेलं नव्यावर चालतं, नव्यावर बांधलेलं जुन्यावर चालेलच असं नाही. कारण प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो. मग नवं जीलिबसीच आणून बसवू, असं एका तरुण सहकाऱ्याच्या मनात आलं. त्याला मी थांबवलं. सिस्टिमचं जीलिबसी बदललं आणि फसलं तर साधं एलएससुद्धा चालत नाही, दुरुस्ती करायला हातात काही उरत नाही. गाडी चालू असताना चाकं बदलण्यातला प्रकार आहे तो.

शेवटी नवा कंपायलर वापरून आधी लेप्टोनिका बांधली, मग टेसरॅक्टचं कॉन्फिगर चालवलं. ते म्हणालं, लेप्टोनिका १.७४ किंवा पुढची हवी. बसवलेली तर होतीच, यूएसआर-लोकलमध्ये. सहकारी कॉन्फिग-लॉगची फाइल उघडून शेवटची ओळ वाचत बसला होता. मी त्याला वर जायला सांगितलं. पहिली चूक शोधायची, खालच्या सगळ्या तिचीच पिल्लं असतात. तिथे तोच जुना कारकून बसलेला होता. पीकेजी-कॉन्फिग-पाथ दिला, पुढे एलडीकॉन्फिग चालवलं, आणि बांधकाम पार पडलं.

पहिल्याच स्मरणिकेत कार्यकारिणीची यादी नीट आली. वेलांट्या जागच्या जागी होत्या. 'दुसऱ्या' मात्र तीन ठिकाणी 'दुसर्या' असा उमटला, रफार डोक्यावर घेऊन. तेवढे र आम्ही हाताने दुरुस्त करतो आहोत.