इंदूरची चित्रशाळा आणि बारावीचे गुण

१९२७ साली दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी होळकरांच्या इंदुरात चित्रशाळा काढली, तेव्हा आपल्या बहुतेक घरांत चित्रकला हा फावल्या वेळचा छंदच मानला जाई. देवळालीकरांनी मुलांना उघड्यावर, निसर्गासमोर बसवून रंगकाम करावयास लावले. ना. श्री. बेंद्रे त्यांचेच विद्यार्थी. हुसेनही तेथेच शिकले. १९५० मध्ये बडोद्याच्या विद्यापीठात ललितकला विद्याशाखा निघाली, तेथे बेंद्र्यांनी पुढच्या पिढ्यांचे हात घडविले. (इंदूर-बडोदे सोयरीक आपल्याला नवी नाही!)

आज केंद्रीय मंडळाच्या बारावीत चित्रकलेच्या १०० गुणांपैकी ७० प्रात्यक्षिकाचे असतात. त्यांत वर्षभराच्या कामाचा संचही तपासला जातो. तरीही ‘सोपा विषय’ म्हणून मुलांना तो घ्यावयास लावणारे पालक भेटतात. त्यांनी मुलाशेजारी बसून एकदा मडके, कापड आणि त्यांवरचा उजेड रेखून पाहावा.