दांडीवरची लुगडी

होळकरांच्या गौतमाबाईंचे नाव ल्यालेला आमचा गौतमपुरा इंदूर जिल्ह्यात आहे. पाडव्याच्या संध्याकाळी गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि रुणजीची कलगी एकमेकांवर पेटते हिंगोट फेकतात. मला मात्र दिवाळीत आठवतात ती एका दांडीवरची पाच लुगडी.

दारिद्र्य मोजण्याचा आपला इतिहास जुना आहे. कैद्याला जेवढे अन्नवस्त्र मिळते तेवढेही रयतेच्या वाट्याला येत नाही, हे दादाभाई नौरोजींनी १८७६ साली आकड्यांनिशी मांडले. दरडोई उत्पन्न त्यांनी वर्षाला सुमारे २० रुपये धरले होते. १९७१ साली पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी २२५० उष्मांकांचा आधार घेतला. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात महिना १५ आणि शहरात साडेबावीस रुपये, ही त्यांची रेषा. २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने शिक्षण व औषधपाण्याचा खर्चही विचारात घेतला. त्यामुळे २००४-०५ चे देशातील गरिबांचे प्रमाण २७.५ वरून ३७.२ टक्क्यांवर गेले. गरीब तेच होते, रेषा तेवढी सरकली होती.

परंतु गरीब किती, हा एक प्रश्न आणि गरीब कोण, हा दुसरा. पहिल्याला नमुना पाहणी पुरते. दुसऱ्यासाठी दारोदार जावे लागते. २००२ च्या ग्रामीण गणनेत तेरा प्रश्न होते, प्रत्येकी शून्य ते चार गुण. गुण जितके जास्त, तितका माणूस यादीपासून दूर. शिवाय राज्यात गरीब किती असावेत याची मर्यादा योजना आयोगाच्या १९९९-२००० च्या अंदाजावरून आधीच बांधलेली.

मी तेव्हा शिक्षक. गौतमपुऱ्याजवळच्या एका खेड्यात एकट्या राहणाऱ्या विधवेच्या घरी गेलो. माणशी कपडे किती, हा एक प्रश्न. चारांच्या आत असते तर एक गुण, चार ते सहा असतील तर दोन. दांडीवर पाच लुगडी होती.

“मास्टरसाब, ये दो तो भैया की दी हुई हैं,” ती म्हणाली.

भाऊबीजेच्या ओवाळणीला रकाना नव्हता. मी दोन गुण लिहिले. यादी लागली तेव्हा तिचे नाव एका गुणाने हुकले होते.

२०११ च्या गणनेत कपड्यांचा प्रश्न राहिला नाही. रेषेवाचून देशाला आपले दारिद्र्य कळणार नाही, हे मला मान्य आहे. पण रेषेने माणूस निवडायचा तर मोजणाऱ्याला घरातले ऐकून घेण्याची मुभा हवी. माझा आकडा खरा होता; निकाल खोटा ठरला. भाऊबीजेला ताटात ओवाळणी पडली की अजूनही ती दोन लुगडी डोळ्यांपुढे येतात.