तळटीप १७ : जरीवाला

१७. जरीवाला : हे आडनाव आहे, जरी विकत दारोदार फिरणारा, असा अर्थ येथे घेऊ नये. सुरतेत जरीकाम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, आणि धंद्याच्या नावाला ‘-वाला’ लागून तिथे हिंदू, मुसलमान, पारशी सर्वांतच आडनावे रूढ झाली : चोखावाला (तांदळाचा व्यापारी), दारूवाला. हा प्रत्यय संस्कृत ‘पाल’ (राखणारा) यावरून आला असे मानतात. ‘कोट्टपाल’चा ‘कोतवाल’ झाला तो याच वाटेने. फारसी ‘-दार’ (किल्लेदार) आणि तुर्की ‘-ची’ (तोपची) यांचे कामही असेच. मराठी ‘-कर’ मात्र बहुधा गावाला लागतो. सुरतेत १८४४ साली मानवधर्मसभा स्थापणाऱ्यांपैकी एक, व्याकरणकार दादोबा पांडुरंग, यांचे घराणे वसईजवळच्या तर्खडचे, म्हणून तर्खडकर.