बर्फातील डोळ्यांचे कवच

गुलमर्ग किंवा औलीच्या उतारांवर बर्फावरून घसरण्याचा खेळ खेळणारे आज डोळ्यांवर रुंद चष्मा चढवितात. पाहणाऱ्यास ती शोभेची वस्तू वाटते. परंतु बर्फापासून डोळे राखण्याची धडपड करमणुकीच्या या खेळाहून पुष्कळच जुनी आहे.

ख्रिस्तपूर्व 401 मध्ये इराणच्या गादीसाठी सायरसने आपल्या भावाविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा त्याच्या पदरी सुमारे दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक होते. सायरस रणात पडला आणि ही सेना परमुलखात एकाकी राहिली. मायदेशी परतताना आर्मेनियाच्या डोंगरांत तिला हिवाळ्याने गाठले. बर्फाने ज्यांची दृष्टी गेली असे सैनिक वाटेत मागे राहिले, असे सेनानी झेनोफन याने आपल्या ग्रंथात नमूद केले आहे. डोळ्यांपुढे एखादी काळी वस्तू धरून चालल्यास बचाव होतो, हेही त्याने लिहून ठेवले. उपाय अगदी साधा. पण काळे काही डोळ्यांपुढे धरले की पाऊल कोठे पडते ते दिसेनासे होते. बर्फातील चष्म्यांचा पुढचा सारा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांनी ही अडचण काचेवाचून सोडविली. वॉलरसच्या सुळ्याची, कॅरिबूच्या शिंगाची अथवा लाकडाची पट्टी चेहऱ्याच्या ठेवणीबरहुकूम कोरावयाची, तिला दोन अरुंद आडव्या फटी पाडावयाच्या आणि आतल्या बाजूस काजळी फासावयाची. फटीतून उजेड थोडाच शिरतो, पण दूरचे अधिक रेखीव दिसते. शिवाय काच नसल्यामुळे वाफ धरण्याचा प्रश्नच नाही. असे हजार वर्षांहून जुने नमुने उत्खननांत सापडले आहेत. ज्यांना कित्येकदा रानटी म्हणून हिणविण्यात आले, त्या लोकांची ही कारागिरी आहे!

हिमांधत्वाचे खरे कारण मात्र फार उशिरा कळले. 1801 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ रिटर याने डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोधून काढले. ताजे बर्फ यांपैकी शेकडा 80 पर्यंत किरण परत फेकते, आणि दर हजार मीटर उंचीमागे त्यांचे प्रमाण शेकडा 10 ते 12 ने वाढते. बुबुळावरील पारदर्शक पटल या किरणांनी पोळते. पण वेदना सुरू होतात त्या काही तासांनंतर. म्हणून माणूस दिवसभर निर्धास्त असतो आणि रात्री तळमळतो. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स याने 1913 च्या सुमारास अतिनील किरण अडविणारी, तरीही दृश्य प्रकाश बऱ्यापैकी आत सोडणारी काच तयार केली. काळेपणा निराळा आणि संरक्षण निराळे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

तरीसुद्धा चष्मा डोळ्यांवर असेल तरच उपयोगी. 4 जून 1924 रोजी एव्हरेस्टवर कर्नल नॉर्टन कृत्रिम प्राणवायूवाचून 28,126 फुटांपर्यंत चढला. हा विक्रम पुढे 1978 पर्यंत अबाधित राहिला. भोवताली बर्फ थोडे व खडकच अधिक, आणि पुढचे पाऊल नीट दिसावे, म्हणून त्याने चष्मा काढला होता. त्या रात्री तंबूत त्याच्या डोळ्यांची आग सुरू झाली व सकाळी त्याला काहीच दिसेना. 6 जून रोजी मॅलरी व आयर्विन वर निघाले, त्या वेळी हा मोहिमेचा नेता त्यांना डोळे भरून पाहूही शकला नाही. त्याच दिवशी डॉक्टर हिंग्स्टनच्या साहाय्याने, पाऊल पाऊल चाचपीत, त्याला खाली उतरावे लागले. मॅलरी व आयर्विन परतलेच नाहीत. 1999 मध्ये मॅलरीचा देह सापडला तो खिशात चष्मा असलेला. त्यावरून तो अंधार पडल्यावर उतरत असावा, असा तर्क काहींनी केला. नॉर्टनची अवस्था मॅलरीने डोळ्यांनी पाहिली होती. तेव्हा भर उजेडात तो चष्मा काढील हे संभवत नाही, पण चष्मा जादा जवळ बाळगलेला असण्याचाही संभव आहे.

खेळाडूंना चष्मा काढावयास लावणारा शत्रू निराळा : वाफ. चेहऱ्याची उष्ण दमट हवा थंड भिंगावर थिजते. अमेरिकेतील बॉब स्मिथ या दंतवैद्याने 1965 च्या सुमारास दोन भिंगांमध्ये हवेचा थर कोंडला आणि चौकटीस हवा खेळती ठेवणारा सच्छिद्र फोम बसविला. आतले भिंग त्यामुळे फारसे गार पडत नाही. आजचे बहुतेक हिमचष्मे याच तत्त्वावर बनतात.

म्हणून चष्मा घेताना भिंगाच्या रंगावर भुलू नये. अतिनील किरण पूर्ण अडतात असा स्पष्ट निर्वाळा त्यावर असावा. नुसती गडद काच तर घातकच, कारण तिच्याआड डोळ्याची बाहुली विस्फारते. गडदपणाचे शून्य ते चार असे वर्ग असतात. चौथ्या वर्गातून शेकडा 3 ते 8 एवढाच प्रकाश आत येतो. तो उंच हिमनद्यांवर, लख्ख उन्हात योग्य. मोटार हाकताना तो मुळीच वापरू नये. आभाळ भरून आले असता उतारावरील खाचखळगे दिसण्यासाठी पिवळसर किंवा गुलाबी, फिकट भिंग सोयीचे पडते. चष्मा शिरस्त्राणासकट घालून पाहावा. कपाळाशी फट राहिली तर वारा तेथूनच शिरतो.