तोफेची जागा

गोंदिया जिल्ह्यात बिरसीची धावपट्टी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी ती बांधली. त्या वेळी त्यांच्या लढाऊ विमानांच्या तोफा बहुधा पंखांत असत, आणि त्याची किंमत वैमानिकाला मोजावी लागे.

तोफा पंखांत जाण्याआधी, १९१५ मध्ये जर्मनीच्या फोकर विमानात फिरत्या पात्यांमधून गोळी सोडणारी यंत्रणा आली. नाकावरची बंदूक नेम धरायला सोपी. पण जास्त बंदुका हव्या झाल्या, तशा त्या पंखांत गेल्या. ब्रिटिशांच्या हरिकेन विमानाच्या एका प्रकारात तर १२ मशीनगन होत्या. वजन मध्यरेषेपासून जितके दूर, तितके विमान कूस बदलायला जड. ब्रह्मदेशात टेहळणीच्या काही हरिकेनच्या चारपैकी दोन तोफा काढूनच टाकल्या, त्या विमान हलके व्हावे म्हणून. जर्मनांनी मेसरश्मिट १०९ च्या पंखांखाली दोन तोफा टांगल्या. बॉम्बर पाडायला त्या उत्तम, पण शत्रूचे लढाऊ विमान मागे लागले की तेच ओझे जिवावर येई.

मग तोफ नाकातच ठेवावी, तर तिथेही पेच होता. अमेरिकेच्या एअराकोब्राचे इंजिन वैमानिकाच्या पाठीमागे होते आणि ३७ मिलिमीटरची तोफ पंख्याच्या मध्यातून डागली जाई. गोळे संपले की नाक हलके होई, गुरुत्वमध्य मागे सरके आणि विमान सपाट गिरकीत सापडण्याचा धोका वाढे. दारूगोळा संपवून परतणारा वैमानिक वेगळ्याच स्वभावाचे विमान चालवत असे. मला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न मिग-२१ ने पुन्हा उभा केला. ४ सप्टेंबर १९६५ रोजी विंग कमांडर वॉलन यांनी पाकिस्तानी सेबर विमानावर दोन क्षेपणास्त्रे सोडली. दोन्ही हुकली, आणि त्यांच्या विमानाला तोफच नव्हती. पुढे नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेल्या मिग-२१ एफएललाही ती नव्हती. म्हणून पोटाखाली २३ मिलिमीटरच्या दुनळी तोफेचा गन पॉड टांगला. जागा अगदी मध्यरेषेवर, त्यामुळे डागताना धक्क्याने नाक डावी-उजवीकडे ओढले जात नसे. मात्र हवेचा रोध वाढला, आणि जादा इंधनाची टाकीही तिथेच लागायची. तोफ घ्या किंवा इंधन. १२ डिसेंबर १९७१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट सोनी यांनी कच्छच्या आखातावर याच तोफेने पाकिस्तानी स्टारफायटर विमान पाडले.

१९७३ पासून ओझरहून मिग-२१ एम बाहेर पडू लागले. त्यात तोफ पोटातच बसवली होती, आणि तीही इतकी उथळ की खाली टाकीला जागा राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालेल्या शेवटच्या मिग-२१ बायसनवरही ती दुनळी तोफ तिथेच होती.