ओझे आणि वजन

इतिहास म्हटला की किल्ले, लढाया आणि तह आठवतात. माणसाने किती वजन उचलले याचाही इतिहास असतो, आणि त्यात स्त्रीचे नाव फार उशिरा आले. ऑलिम्पिकमध्ये भारोत्तोलनाचे दार स्त्रियांसाठी उघडले ते थेट २००० साली, सिडनीत. तिथेच आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरीने २४० किलो उचलून कांस्यपदक घेतले. ऑलिम्पिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

महाराष्ट्राने या इतिहासात आपले पान जोडले ते २ मे २०२२ रोजी. ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे जागतिक ज्युनिअर स्पर्धेत पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने ४५ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. एका झटक्यात डोक्यावर न्यायचे ते स्नॅच, त्यात ७० किलो. आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर न्यायचे ते क्लीन अँड जर्क, त्यात ८३. एकूण १५३. दुसऱ्या आलेल्या तुर्कस्तानच्या मुलीपेक्षा तीन किलो जास्त. या स्पर्धेत मीराबाई चानूला २०१३ मध्ये कांस्य आणि अचिंता शेउलीला २०२१ मध्ये रौप्य मिळाले होते. सुवर्ण मिळवणारी हर्षदा पहिली भारतीय.

हे यश राजधानीतल्या मोठ्या क्रीडासंकुलात रुजले नाही. वडगावसारख्या लहान गावात बिहारीलाल दुबे या गुरूंनी तिला घडवले. वडील शरद गरुड यांनाही या खेळाचे वेड होते. बापाने आपले अपुरे स्वप्न मुलीच्या हाती दिले, हे आम्हाला पदकाइतकेच मोलाचे वाटते.

आता आपल्या घरचा प्रश्न. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. सातवी-आठवीनंतर मुली मैदानावर दिसेनाशा होतात. कारण विचारले की पालक पोशाखाकडे बोट दाखवतात. भारोत्तोलनात कोपर आणि गुडघे पंचांना दिसलेच पाहिजेत, असा पूर्वी नियम होता. कारण कोपर पूर्ण ताठ झाले की नाही, यावरच निकाल ठरतो. पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकन खेळाडू कुलसूम अब्दुल्ला यांनी हा प्रश्न लावून धरला. २०११ मध्ये जागतिक संघटनेने अंगभर, पण अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाला परवानगी दिली. पंचांची अडचण मिटली, मुलींचीही. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये इजिप्तच्या सारा अहमदने डोके झाकूनच कांस्यपदक मिळवले.

म्हणजे ती सबब आता उरलेली नाही. जळगाव-धुळ्याच्या शिवारात आपल्या बाया कापूस वेचून गाठोडी डोक्यावर आणतात, मोहल्ल्यात पाण्याचे हंडे वाहतात. ते ओझे कुणी मोजत नाही, म्हणून त्याची कुठे नोंदही होत नाही. त्यांच्या मुलींच्या हाती एकदा लोखंडी दांडा देऊन पाहू या. तिथे उचललेला प्रत्येक किलो मोजला जातो आणि नावासकट लिहून ठेवला जातो.